सहापैकी सहा

रविवारी सकाळी दहा वाजता बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या मराठी समाजाच्या सभागृहाबाहेर चपलांचा असा ढीग पडला होता की आपली जोडी परत मिळेल की नाही याची मला पहिली काळजी वाटली. आत खुर्च्या कमी पडल्या होत्या. उदबत्तीचा धूर, झेंडूचे हार, आणि मागच्या बाजूने केसरीबाताला, म्हणजे इकडच्या केशरी शिऱ्याला, घातलेल्या तुपाचा वास.

"मार्केट म्हणजे काय?" व्यासपीठावरून प्रश्न आला.

"माया!" सभागृह एका आवाजात ओरडलं.

"आणि तोटा थांबवणारा स्टॉपलॉस म्हणजे?"

"वैराग्य!"

व्यासपीठावर श्री लाभानंद महाराज बसले होते. अंगावर भगवं रेशीम, कपाळावर रुंद गंध आणि मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं महागडं घड्याळ. समोर चौरंग, चौरंगावर लॅपटॉप. लॅपटॉपला हळदकुंकू लावलेलं होतं आणि बटणांवर अक्षता पडल्या होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर शेअरबाजाराचा आलेख, लाल-हिरव्या कांड्यांचा.

"याला इंग्रज लोक कॅन्डल म्हणतात," महाराज म्हणाले. "मेणबत्ती! अहो, मेणबत्ती कसली, ही समई आहे! हिरवी समई म्हणजे लक्ष्मी घरात येतेय. लाल समई म्हणजे लक्ष्मी अंगणात उभी राहून विचार करतेय. आपण फक्त दार उघडायचं. बेसिकली, दार म्हणजे ट्रेडिंग अकाउंट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी बसलेल्या विठोजीरावांनी तर डोळे मिटून हात जोडले.

माझं नाव विश्वासराव. बत्तीस वर्षं मी हायस्कुलात गणित शिकवलं. आमच्या हिचं म्हणणं असं की, आईवडिलांनी माझं नाव ठेवताना फार घाई केली. विठोजीराव माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान; मला तिथे ओढून आणलं ते त्यांनीच. जयनगरात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. घाऊक व्यापाऱ्याने एका डझनामागे दोन रुपये जास्त लावले तर चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बिल वाचणारा माणूस. तो माणूस आज हात जोडून बसलेला पाहून मला हसावं की रडावं कळेना.

चमत्कार असा होता. गेले सहा आठवडे दर सोमवारी सकाळी महाराजांची 'वाणी' भक्तांपर्यंत पोचत होती: या शुक्रवारी बाजार वर बंद होईल, किंवा खाली बंद होईल. सहा सोमवार झाले, सहाच्या सहा वेळा वाणी खरी ठरली. सभागृहातल्या शंभरएक भक्तांपैकी एकालाही, एकदाही चुकीचं भविष्य आलेलं नव्हतं. शिवाय वाणीत ज्याचं-त्याचं नाव आणि देवकसुद्धा असे. एका बाईंनी उठून डोळे पुसत सांगितलं, "महाराज मला कधी भेटले नव्हते. तरी आमचं देवक कळंब, हे त्यांना ठाऊक! माझ्या सुनेला अजून ठाऊक नाही!"

वाणीची अट एकच होती. ती कुणाला दाखवायची नाही, नवऱ्याने बायकोलाही नाही. दाखवली की फळ जातं.

मग महाराज मुद्द्यावर आले. पुढच्या रविवारी दीक्षा, आणि सातवी वाणी दीक्षेनंतरच. दक्षिणा एक्कावन्न हजार. "कॅश नको! आम्ही पैशाला शिवत नाही," महाराज म्हणाले, आणि त्यांच्या शिष्याने कार्ड ओढायचं यंत्र उंच करून दाखवलं. "क्रेडिट कार्डाने द्या. पैसे आज जात नाहीत, उलट रिवॉर्ड पॉइंट मिळतात. पुण्य तर पुण्य, पॉइंट तर पॉइंट! मग आमच्या लिंकवरून अकाउंट उघडा. खरेदी-विक्री आम्ही बघू. तुम्ही फक्त पासवर्ड आणि ओटीपी अर्पण करायचा. ओटीपी हा मंत्र आहे. मंत्र गुरूपासून लपवायचा नसतो."

मला राहवेना. मी उभा राहिलो. "महाराज, सातवी वाणी इथेच, सगळ्यांसमोर सांगता का? फळ्यावर लिहून ठेवू."

महाराज मंद हसले. "काका, वाणी एकांतात येते. चव्हाट्यावर आणली की आटते."

"बसा हो मास्तर," विठोजीरावांनी माझा सदरा ओढला. "इथे पण तोंडी परीक्षा घेता काय?"

शंभर डोकी माझ्याकडे वळून बघत होती. मी बसलो. केसरीबात मात्र दोनदा घेतला, तो उत्तम होता.

गुरुवारी दुपारी माझी भाची हर्षिता घरी आली, पाठोपाठ तिची आई, माझी बहीण शकुंतला. हर्षिता दातांची डॉक्टर झाली आहे आणि यंदा तिला पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. पहिल्या वर्षाची फी चौदा लाख, भरायची शेवटची तारीख तीस. ते पैसे तयार होते. चौदा वर्षं दर महिन्याला चार हजार रुपये शकुंतलेच्या नावाने एका म्युच्युअल फंडात पडत आले होते, त्याचे आता चौदा लाखांच्या वर झाले होते. दुकानात मंदी आली, विठोजीरावांचं ऑपरेशन झालं, तरी त्या फंडाला कुणी हात लावला नव्हता.

"मामा, अप्पा फंड विकतायत," हर्षिता दारातूनच म्हणाली.

"फीसाठी विकायचाच होता ना?"

"फीसाठी नाही! महाराजांच्या अकाउंटात घालायला. म्हणतात, तीस तारखेपर्यंत दुप्पट होतील, दुसऱ्या वर्षाची फीसुद्धा निघेल. रविवारी दीक्षेच्या वेळीच विकायचं ठरलंय. फंड अम्माच्या नावावर, म्हणून ओटीपी अम्माच्या फोनवर येणार. आणि अम्मा तो देणार म्हणते!"

शकुंतला खुर्चीच्या टोकाला बसली होती. "अण्णा, स्वल्प ऐकून तरी घे. मला काय लेकीचं वाईट करायचंय? सहा वेळा खरं झालं रे. सहा वेळा! तू वर्गात पोरांना शिकवायचास ना, की डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानू नका? मी बघितलं."

ती खोटं बोलत नव्हती. मी विचारलं, "वाणी येते म्हणजे कुठे येते? कानात?"

"फोनवर. पण दाखवायची नाही."

हर्षिताने आईच्या मांडीवरचा फोन उचलला आणि सरळ माझ्या हातात दिला. शकुंतला "अगं, अगं" म्हणेपर्यंत मी वाचायला लागलो होतो. तिसऱ्या सोमवारचा निरोप असा होता: 'चि. सौ. शकुंतला, कळंब देवक रक्षण करो. लक्ष्मी अंगणात उभी आहे. शुक्रवारी बाजार खाली.'

वाचता वाचता माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं. देवक, लक्ष्मी, शुक्रवारचा बाजार. हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्या सभागृहात ऐकण्याच्याही आधी.

माझा फोन म्हणजे अडगळीची खोली आहे. सुप्रभातची फुलं, गुडघेदुखीवरचे उपाय, कुणाच्या तरी नातवाचे बारशाचे फोटो, मी काहीच पुसत नाही. जागा भरली म्हणून फोन रोज तक्रार करतो आणि फोनच्या बाजूने आमची हीही. त्या अडगळीत मी महिनाभर मागे गेलो. दहा मिनिटं लागली. सापडलं.

'चि. सौ. चंदना, पंचपल्लव देवक रक्षण करो. लक्ष्मी घरात येत आहे. शुक्रवारी बाजार वर.'

तारीख तीच, तिसरा सोमवार. वेळ तीच, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

दोन्ही फोन मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शकुंतलेने एक वाचला, दुसरा वाचला, मग पुन्हा पहिला. ती हळूच म्हणाली, "चंदना म्हणजे... मीच की रे."

तीच होती. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, आणि बाविसाव्या वर्षापर्यंत चंदना असलेली मुलगी संध्याकाळच्या पंगतीला शकुंतला म्हणून घास भरवते. दोन वर्षांपूर्वी समाजाची परिचय पुस्तिका निघाली: बंगळूर, होसूर, कोलार, तुमकूर इथल्या साऱ्या मराठी घरांची नावं, गावं, देवकं आणि फोन नंबर. त्या समितीत मी होतो. मी हटून बसलो की सासरी गेलेल्या लेकींची नोंद माहेरच्या पानावरही हवी, आणि तीही माहेरच्या नावाने. लेक गेली म्हणून नाव पुसायचं काय? माझं म्हणणं समितीने मानलं, मुख्यतः मी भांडणं थांबवीना म्हणून. आमच्या पानावर 'चंदना' छापून आलं, देवक आमच्या घराण्याचं. पुढे नंबर हवा होता, तो मी माझाच दिला.

म्हणजे महाराजांच्या यादीत माझी बहीण दोन बायका होती. सासरच्या बाईला त्यांनी सांगितलं बाजार खाली जाईल, आणि माहेरच्या बाईला त्याच मिनिटाला सांगितलं वर जाईल.

"अण्णा," शकुंतला म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता वेगळीच धार होती, "यांना म्हणे भूत, भविष्य, वर्तमान दिसतं. मग मी एकच बाई आहे, एवढं दिसलं नाही?"

मी कागद ओढला. पुस्तिकेत नंबर सहा हजार चारशे, ते मीच मोजले होते. पहिल्या सोमवारी निम्म्यांना 'वर' पाठवायचं, निम्म्यांना 'खाली'. शुक्रवारी बत्तीसशे लोकांचं खरं होणारच, बाजार कुठेही जावो. ज्यांचं चुकलं त्यांना पुन्हा निरोप पाठवायचाच नाही. बत्तीसशेचे पुन्हा दोन भाग, राहिले सोळाशे. मग आठशे. चारशे. दोनशे. सहाव्या शुक्रवारी उरतात शंभर.

"सभागृहात किती माणसं होती?" मी विचारलं.

"शंभरएक," शकुंतला म्हणाली आणि हर्षिता खो खो हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळं हसण्याचं नव्हतं. तीन दिवसांनी तिचं शिक्षण त्या चौरंगावर ठेवलं जाणार होतं.

मला हसू आलं नाही. चौथ्या आठवड्यात माझे निरोप थांबले होते. तिसरा चुकलेला पाहून मी स्वतःशी म्हटलं होतं, "कोण मूर्ख आहे," आणि पुढच्या फुलाकडे गेलो होतो. मी कुणालाही बोललो नाही. शकुंतलेलासुद्धा नाही, आणि निरोप तर तिच्याच नावाने होता.

विठोजीरावांना त्या संध्याकाळी दुकानात जाऊन दोन्ही निरोप दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग म्हणाले, "मास्तर, ही कसोटी असणार. तुमच्यासारख्या नास्तिकाला महाराजांनी मुद्दाम उलटं पाठवलं."

"पण पाठवलं चंदनाच्या नावाने!"

"तेच तर! तुमची परीक्षा घ्यायला." आणि ते डबे रचायला वळले. कागदावरचं गणित त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दुकानातून बाहेर पडताना मला खरोखर भीती वाटली.

शुक्रवारी आणि शनिवारी शकुंतलेने फोन हातात घेतला तो ठेवलाच नाही. पुस्तिका समोर, पेन्सिल कानावर. "मी विश्वासरावांची बहीण, चंदना. हो हो, तीच. तुम्हाला बाजार वर-खाली असा काही निरोप आला होता काय? चुकला? कितव्या आठवड्याला? सरी, सरी, कळलं. आणि तुम्ही कुणाला सांगितलं? नाही ना. मग रविवारी बसवनगुडीला या. जेवण आहे!"

"जेवण कुठलं?" मी घाबरून विचारलं.

"महाराजांचं! शंभर माणसांना घालतात, अजून पन्नासांना घालतील."

रविवारी सभागृह पुन्हा भरलं. चौरंगाशेजारी कार्डाचं यंत्र मांडलं होतं आणि त्यालाही हार घातला होता. सभागृहाचे खजिनदार हणमंतराव अध्यक्षस्थानी होते. साधा, भाबडा माणूस. त्यांनी ज्या क्रिकेट संघाला पाठिंबा द्यावा तो हरतो, अशी त्यांची ख्याती आहे. बंगळूरचा सामना असला की घरचे त्यांना भाजी आणायला पाठवून देतात. मी त्यांना गाठून म्हटलं, "स्वागताचे दोन शब्द मी बोलतो," आणि ते बिचारे हो म्हणाले.

ध्वनिक्षेपक हातात येताच मी सांगितलं, "महाराजांच्या सन्मानार्थ एक छोटा खेळ. सगळे उभे राहा. हर्षिता पाच रुपयांचं नाणं उडवेल. छापा पडणार असं वाटतं त्यांनी डोक्यावर हात ठेवा, काटा वाटतं त्यांनी कमरेवर. चुकेल त्याने बसायचं."

आमच्या लोकांना खेळ म्हटला की लग्नघर आठवतं. सगळे हसत उठले. पहिलं नाणं पडलं, निम्मं सभागृह खाली बसलं. दुसऱ्याला पंचवीसएक उरले. तिसऱ्याला बारा. सहाव्या फेकीपर्यंत कुणीच उरलं नाही असंही होऊ शकतं, आणि मग मास्तरांची फजिती. चौथ्याला सात, पाचव्याला तीन. सहावं नाणं हर्षिताने जरा जास्तच उंच उडवलं. ते पंख्याला लागून खाली आलं.

एकटे हणमंतराव उभे होते, डोक्यावर हात ठेवून.

सभागृहात हसण्याचा स्फोट झाला. मी धावत जाऊन माझ्या गळ्यातलं उपरणं त्यांच्या खांद्यावर घातलं. "श्री हणमंतानंद महाराज! सहापैकी सहा! महाराज, ही सिद्धी कशी मिळाली?"

"मला काय ठाऊक?" हणमंतराव कावरेबावरे झाले. "टकलावर खाज सुटली होती, म्हणून हात तिथेच ठेवला."

लाभानंद महाराज हसले नाहीत. "नाण्याच्या खेळाशी वाणीची तुलना?"

"फरक एकच आहे," मी म्हणालो. "या खेळात खाली बसलेले इथेच बसलेत, म्हणून ते सगळ्यांना दिसतात. तुमच्या खेळात जे चुकले ते घरी बसले. म्हणून आज मी त्यांना बोलावलंय."

मागचं दार उघडलं. विजयनगरचे शंभूराज आले, फोन उंच धरून: "मला पहिल्याच आठवड्याला चुकीचं आलं!" त्यांच्यामागे कोलारची दोन जोडपी, होसूरची शिंपीकाम करणारी एक म्हातारी, कोरमंगलातून दोन तरुण मुली. "माझं दुसऱ्याला चुकलं." "आमचं चौथ्याला." "पाच बरोबर आले हो, मी कार्डसुद्धा काढलं होतं, सहावं चुकलं!" चाळीसएक माणसं आत आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. खुर्च्यांवर बसलेले लोक माना वळवून त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्यात ओळखीचे चेहरे होते, व्याही होते, चुलतभाऊ होते, आणि सहा आठवडे कुणी कुणाला काही बोललं नव्हतं.

मग शकुंतला पुढे आली. उभ्या आयुष्यात ती ध्वनिक्षेपकासमोर बोलली नव्हती. तिने दोन फोन दोन हातांत धरले आणि दोन्ही निरोप वाचून दाखवले, तारखेसकट, वेळेसकट. "मी सासरची शकुंतला," ती म्हणाली, "आणि माहेरची चंदना. महाराज, माझी दोन देवकं तुम्हाला ठाऊक, कारण पुस्तिकेत छापलीत. मी एकच आहे, हे छापायचं राहून गेलं."

सभागृहात कुजबुज वाढली. महाराज काही बोलणार एवढ्यात दुसऱ्या रांगेतून विठोजीराव उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी ओळखलं, बिल वाचायला घेतलंय.

"महाराज," ते म्हणाले, "वाद नको. उद्या सोमवार. सातवी वाणी आत्ता सांगा. इथल्या सगळ्यांना एकच. वर की खाली?"

महाराजांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग लॅपटॉपकडे पाहिलं. "इथे नेटवर्क वीक आहे," ते पुटपुटले.

यानंतर जे हसू उसळलं ते मी कधी विसरणार नाही. महाराज ध्यानासाठी पाच मिनिटं आत जातो म्हणून उठले, शिष्याने लॅपटॉप आणि यंत्र काखेत मारलं, आणि दोघे मागच्या दाराकडे निघाले. तिथे हणमंतराव उभे होते, खांद्यावर माझं उपरणं.

"स्वामी," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "दोन रविवारांचं सभागृहाचं भाडं राहिलंय. कार्ड चालेल. पॉइंटपण मिळतील."

भाडं वसूल होईपर्यंत शंभूराजांनी पोलिसांना फोन केला होता. पुढचं काम त्यांचं.

केसरीबात मात्र शिजलेला होता. पानं वाढली गेली आणि लोक माझ्याभोवती जमले. मी आधीच सांगितलं, मी गणिताचा मास्तर, सल्लागार नव्हे. पण गणितापुरतं बोलतो. "ओटीपी आणि पासवर्ड म्हणजे तिजोरीची किल्ली. ती गुरूला नाही, जावयाला नाही, मलाही नाही. सल्ला देणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. लिंकवरून उघडलेल्या खात्यात जेवढी खरेदी-विक्री जास्त, तेवढं लिंकवाल्याचं कमिशन जास्त, मग तुम्ही कमवा नाहीतर बुडा. आणि जो पैसा या महिन्यात, या वर्षात लागणार आहे, तो बाजारात ठेवायचाच नाही. लागायची वेळ जवळ आली की काढून बँकेत ठेवायचा. फंड निवडताना त्याचा वार्षिक खर्च किती टक्के ते बघा. चौदा वर्षांत एका टक्क्याची मोठी रक्कम होते."

"आणि पॉइंट?" विठोजीरावांनी खाली मान घालून विचारलं. त्यांनी दक्षिणेसाठी खास नवं कार्ड काढलं होतं.

"काढा की हिशेब. शंभर रुपयांना दोन पॉइंट, एका पॉइंटचे पंचवीस पैसे. एक्कावन्न हजारांवर किती?"

दुकानदाराचं डोकं ते. एका श्वासात उत्तर आलं: "दोनशे पंचावन्न रुपये."

"आणि बिल पूर्ण भरलं नाही, नुसती किमान रक्कम भरली, तर तुमच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे पहिल्याच महिन्याला सतराशेच्या वर. आता त्या पॉइंटांत काय मिळतं ते हर्षिता सांगेल."

हर्षिताने फोनवर बक्षिसांची यादी काढली. "अप्पा, पाण्याची बाटली. स्टीलची."

विठोजीरावांनी कपाळावर हात मारला. "ती माझ्याकडे दोनशे वीसला आहे!"

लोक हसले, तेही हसले. बिल दर महिन्याला पूर्ण फेडणाऱ्याला कार्ड कामाचं आहे, हे मी आवर्जून सांगितलं. माझ्याकडेही आहे आणि पॉइंटांवर मी पुस्तकं घेतो. चार जणांनी दक्षिणा आधीच ओढून दिली होती. त्यांना हर्षिताने तिथेच बसवून बँकेला फोन लावायला लावला आणि व्यवहारावर हरकत नोंदवून घेतली. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तरी पण मास्तर, सहा वेळा बरोबर आलं, ते काय खोटं?"

"खोटं नाही," मी म्हणालो. "ते खरंच बरोबर आलं. पण कुणाला तरी येणारच होतं. हणमंतरावांना आलं की नाही?"

त्या विचार करत हात धुवायला गेल्या.

माझा राग महाराजांपेक्षा माझ्यावर जास्त होता, आणि तो अजून गेलेला नाही. ही लबाडी शंभर भोळ्यांवर चालली नाही, ती त्रेसष्टशे गप्प माणसांवर चालली, आणि त्यांत एक गणिताचा मास्तर होता. ज्याचं बरोबर येतं तो गल्लीभर सांगत सुटतो. ज्याचं चुकतं तो निरोप पुसतो, किंवा स्वतःला शहाणा समजून हसतो. मी दोन मिनिटं काढून बहिणीला फोन केला असता, तर हे सगळं तिसऱ्याच आठवड्यात संपलं असतं. म्हणून वाचकहो, माझी विनंती आहे. कुणी चमत्कार सांगितला की चुकलेले कुठे आहेत ते विचारा. आणि तुमचं चुकलं असेल तर लाजू नका, मोठ्याने सांगा.

सोमवारी दुपारी मी विठोजीरावांच्या घरी होतो. फंड विकायचा होता, फीसाठी. हर्षिताने आपल्या फोनवर सगळं भरलं, रक्कम दोनदा तपासली, आणि शकुंतलेच्या फोनवर टिंग वाजलं.

"आला काय ओटीपी?" विठोजीरावांनी सवयीने मान पुढे केली. "किती? सांग, मी घालतो."

शकुंतलेने फोन पदराआड घेतला. "सांगायचा नसतो," ती म्हणाली. "कुणालाच. तुझा फोन इकडे दे गं हर्षिता, माझा मी घालते."

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, एकेक आकडा ओठांतल्या ओठांत म्हणत तिने सहा आकडे घातले. विठोजीराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, शहाण्यासारखे.